दम

दुपारी वरदला झोपवता झोपवता यामिनीचाही डोळा लागला होता आणि त्या अर्ध्या झोपेतच तिला ती शीळ ऐकू आली. बारीक, लांबट, आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा. अंगावर गार पाणी पडावं तशी ती उठून बसली. छातीत शीळ वाजते म्हणजे काय, हे तिला आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तिनं वाकून वरदच्या झबल्याला कान लावला, मग उशाशी ठेवलेला स्टेथोस्कोप ओढला, चकती तळहातावर घासून कोमट केली आणि त्याच्या पाठीवर टेकवली. डावीकडे, उजवीकडे, काखेखाली. स्वच्छ. आत नुसता वारा ये-जा करत होता, चिंचेच्या पाल्यातून जावा तसा, कुणाला न दुखवता. आणि तरी शीळ होतीच. कानातल्या नळ्या काढल्या तर उलट मोठी झाली. म्हणजे बाहेरची. म्हणजे खालची. यामिनी पलंगावर बसून राहिली आणि क्षणभर तिला असं वाटलं की हे घरच आता दम्यानं आजारी पडलंय, आणि त्यालाही वाफ द्यायला तिलाच उठावं लागणार.

खाली म्हणजे कारखान्यात. लूम भंगारात गेले तरी घरातले सगळे त्या लांबलचक पत्र्याच्या जागेला अजून कारखानाच म्हणत. जिथे मागांच्या दोन रांगा होत्या तिथे आता देवेशची लाल जपानी गाडी उभी होती, बॉनेट उघडं टाकून, दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी. यामिनी जिना उतरली तेव्हा स्टेथोस्कोप गळ्यातच होता. बाकावर शंखासारखं वळलेलं एक चकचकीत यंत्र शिकंज्यात धरलं होतं, देवेश त्याच्या तोंडाशी तळहात धरून बसला होता आणि रामनाथ मिस्त्री त्याच्या पुलीवरचा पट्टा ताक घुसळावं तसा मागेपुढे ओढत होता. पट्टा पुढे, एक सूर. पट्टा मागे, दुसरा.

"बंद करा ते!"

देवेश ताडकन उठला. "काय झालं? वरद?"

"वरद झोपलाय. हे वाजतंय काय?"

"वाजतंय?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रामनाथनं यंत्राला कान लावून पुन्हा पट्टा ओढला आणि हसला. "कुछ नहीं बजता, भाभीजी. एकदम मक्खन!"

तिला आधी राग आला, मग वाटलं हे दोघं आपली थट्टा करतायत, आणि मग हळूहळू लक्षात आलं की त्यांना खरंच ऐकू येत नाहीये. ती लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हा तिला वाटायचं, सासरचे सगळे सारखे भांडतायत. मीठ मागायचं तरी ओरडून. पुढे कळलं की रात्रंदिवस लूमची खटखट ऐकत वाढलेल्या माणसांचे कान वरच्या पट्टीतलं सोडूनच देतात. शीळ, डासाची गुणगुण, कुकरची शिट्टी यायच्या आधीची सुरसुर. तिचं माहेर बाजारपेठेपलीकडच्या मास्तरांच्या आळीत, तिथे दुपारी टाचणी पडली तरी लोक खिडकीत येत. बी.एस्सी. होऊन तिनं इथे काय आणलं, असं सासूबाई एकदा हसत म्हणाल्या होत्या. आणलं होतं ते एवढंच, शाबूत कान. तिनं स्टेथोस्कोपची चकती त्या शंखावर ठेवली. "ओढा." रामनाथनं ओढलं. ती चकती सरकवत गेली, पाठ, कुशी, गळा. "इथे," ती म्हणाली. देवेशनं बॅटरी धरली, चिमटा घातला, आणि तोंडाच्या वळणातून पॅकिंगच्या प्लास्टिकची नखाएवढी कातरण बाहेर आली. रामनाथनं न सांगता पट्टा ओढला. शीळ गेली होती. आता नुसता श्वास होता, मोठा, गोल, निरोगी श्वास. 

"हे आत गेलं असतं ना," देवेश कातरण बोटावर घेऊन म्हणाला, "तर इंजिन संपलं होतं." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं जसं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आई म्हणून नाही, वरदचा ताप किती असं विचारायला नाही. वर सासूबाईंच्या पुढ्यात ती त्याला 'अहो' म्हणायची आणि खाली 'देवेश'. त्या दिवशी दोन्ही विसरून ती नुसती उभी राहिली, गळ्यातल्या नळ्यांशी चाळा करत.

या गाडीच्या इंजिनात पिस्टन नव्हते. हे तिला लग्न ठरायच्या आधीपासून माहीत होतं, कारण देवेश पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं प्लेटमधला समोसा उचलून वडिलांना समजावलं होतं. "असा तिकोनी तुकडा, काका. कडा जरा फुगलेल्या. शेंगदाण्याच्या टरफलासारख्या घरात हा गोल गोल फिरतो. वर-खाली काही नाही, नुसतं फिरणं." वडिलांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "आणि टोकं झिजत नाहीत?" तर हा इतका खूश झाला की समोसा चटणीतच पडला. "बरोब्बर विचारलंत! टोकांना बारीक पट्ट्या असतात. सगळा खेळ त्या पट्ट्यांवर." हा मुलगा जमिनीवाल्यांचा, याला कसली नोकरी, कसली पदवी, म्हणून आईनं नाक मुरडलं होतं, वडील म्हणाले, "याच्या डोक्यात एक गोष्ट फिरते आहे. बऱ्याच जणांच्या डोक्यात तेवढीही नसते." ती गाडी पुढे खरोखर आली, मुंबईच्या कुणाकडून, यामिनीला सातवा लागला होता तेव्हा. भिवंडीच्या खड्ड्यांत ती इतकी खाली बसायची की सासरे, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, म्हणाले, "ही गारी न्हाय, मगर हाय." तोवर लूम विकले गेले होते, राहनाळच्या भातखाचरांवर गोदामं उठली होती, आणि देवेशच्या हातांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सकाळी उठून तो कारखान्यात उतरायचा, जिथे कारखाना नव्हता.

आणि मग ती संध्याकाळ. वरद बसायला शिकला होता नुकताच. भाऊ जीप घेऊन गणेशपुरीला गेलेले, घरात गाडी हीच एक. मांडीवर वरदच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता, ओठांभोवती निळसर, आणि कशेळीच्या पुलाच्या चढावर पुढे कंटेनर. वेगात असली की उडणारी ही गाडी, पण गर्दीत, चढावर, एसी चालू असताना तिच्यात जोरच नव्हता. देवेश पाय दाबत होता आणि ती घुसमटत होती. पुढे काय झालं ते यामिनीला तुकड्यांतच आठवतं: ठाण्याच्या इस्पितळाचा वास, चिमुकल्या नाकात नळी, आणि तीन दिवसांनी वरदचं खणखणीत रडणं, जे तिनं देवाच्या घंटेसारखं ऐकलं.  घरी परतल्यावर खूप दिवसांनी, देवेश भात कालवता कालवता म्हणाला, "हवा कमी पडली त्या दिवशी." ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, असं या वयात होतं. मोठा झाला की सुटतं." तो तिच्याकडे बघतच राहिला. मग तिला कळलं, तो गाडीबद्दल बोलत होता. किंवा दोघांबद्दल, आणि त्यालाही ते वेगळं करता येत नव्हतं. नंतर राहनाळच्या त्यांच्याच गोदामात परदेशातून एक खोकं येऊन पडलं. सुपरचार्जर. इंजिन स्वतःच्या ओढीनं घेतं त्याहून जास्त हवा त्याच्या घशात कोंबणारा पंखा. "म्हणजे नेब्युलायझरच की," ती म्हणाली होती, आणि तो इतका मनापासून हसला होता की वरदही हसला.

ती कातरण निघाल्यापासून मात्र यामिनीला खाली जायचं निमित्त लागेनासं झालं. वरद रांगत रांगत जिन्याच्या फळीशी येऊन कठड्याच्या गजांतून खाली बघायचा आणि ती त्याच्या कमरेला धरून तेच वाक्य म्हणायची, दिवसातून शंभरदा: "दम धर, राजा. दम धर." खाली यंत्र इंजिनाला जोडलं गेलं, पट्टा चढला, नळ्या बसल्या. गाडी चालू झाली की रामनाथ नाचायचा, "दम दो भैया, दम! और दम!" आणि देवेश पाय दाबायचा. वर एक दम, खाली दुसरा. सासूबाई, म्हणजे सीताबाई, मधल्या पायरीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि दोन्हीकडे मान हलवायच्या.

शेवटची भीती राहिली होती ती देवेशनंच सांगितली. हवा जास्त झाली की पेट्रोल वेळेच्या आधी पेटतं. नॉकिंग. साध्या इंजिनात चार-दोनदा झालं तर चालून जातं, पण इथे त्या बारीक पट्ट्या. दोन-तीन ठोक्यांतही तुटू शकतात आणि सगळं आतून खरवडून टाकतात. "आवाज कसा असतो?" "म्हणतात, डब्यात खडे हलवल्यासारखा. बारीक. इंजिनाच्या गोंगाटात मशीनलासुद्धा नीट पकडता येत नाही, कानानंच ऐकायला लागतं."  रामनाथनं स्वतःच्या कानाची पाळी ओढून खांदे उडवले. "फुटलं तर फुटलं," देवेश म्हणाला, "दुसरं इंजिन मी आणणार नाही. विकून टाकेन ती. मग बसेन गोदामाच्या गेटवर खुर्ची टाकून." ते त्यानं हसत म्हटलं, पण यामिनी हसणाऱ्या माणसांचे डोळे बघायला शिकली होती. इस्पितळात सगळेच हसून बोलतात.

"मी ऐकेन," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर घाबरली.

कारण ऐकायचं तर गाडीत बसायला हवं. गाडीत बसायचं तर वरदला सोडायला हवं. इस्पितळातून आल्यापासून तिनं त्याला नजरेआड केलं नव्हतं. न्हाणीघराचं दारसुद्धा ती उघडं ठेवायची. डॉक्टर एकदा चिडून म्हणाले होते, "बाई, तुम्ही त्याच्या छातीला इतकं ऐकता, की एक दिवस तुमचीच धडधड ऐकून घाबराल." शिवाय देवेशला स्टेथोस्कोपच हवा होता. त्याची चकती काढून, रबरी नळीला लांब नळी जोडून, तिचं टोक तांब्याच्या चपट्या तुकड्यानं इंजिनावर कसायचं होतं.

"मग मी वरदला काय लावू?"

"कान लाव," सीताबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. "या लूमच्या खटखटीत दोन पोरं वारवली मी. पदराखाली घेतला की श्वास हाताला लागतो. जा गो बाय, तू जा. मी हाय नं. आन मना पन कलू दे, ही मगर उरते का न्हाय ती."

शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात आणि गावाला एकदम आपलाच आवाज ऐकू येतो: कावळे, सायकलची घंटी, कुणीतरी घसा खाकरणं. राहनाळच्या गोदामांमागे काँक्रीटचा रस्ता होऊन पडला होता, त्याच्या कडेची शेवटची रांग अजून उभी राहायची होती. भाऊंची खाचरं इथेच होती, तिथे एक बगळा अजूनही जुन्या सवयीनं उभा. रामनाथ मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप आरतीचं तबक धरावं तसा धरून बसला. यामिनीनं नळ्या कानात घातल्या आणि जग विझलं.

"ऐकू आलं की ओरड," देवेशचे ओठ म्हणाले. काय ओरडायचं हे कुणी ठरवलं नाही. इतक्या साध्या गोष्टी कोण ठरवतं?

तिनं तयारी केली होती ती गोंगाटाची. पण आत गोंगाट नव्हताच. आत एकसंध धार होती, घडवंचीवरून घागर ओतावी तशी, आणि त्या धारेत दोन लाटा, एक जरा पुढे, एक जरा मागे. दोन रोटर, ते समोशासारखे तुकडे. दोन फुफ्फुसं. तिला अगदी ओळखीचं वाटलं. देवेशनं पाय दाबला आणि मग तो दुसरा सूर आला, त्या शंखाचा, दूरवरून चढत येणारा. तीच शीळ. जी ऐकून ती महिनोन्‌महिने झोपेतून उठून बसली होती तीच. पण आता ती घशात अडकत नव्हती, ती वाट काढत होती, वर, आणखी वर, आणि त्याबरोबर यामिनीची पाठ सीटमध्ये रुतत गेली, रस्ता धाग्यासारखा ओढला गेला, बगळा उडाला, आणि तिच्या पोटातून कशाचातरी पहिलटकरणीला बाळाचा जाणवावा तसा अनोळखी धक्का वर आला. आनंद, हे तिला जरा उशिरा कळलं. कितीतरी दिवसांत तो आला नव्हता, म्हणून चेहरा विसरला होता. आणि नेमकं तेव्हा, धारेच्या तळाशी, एक दाणा उडाला. तेल तापल्यावर मोहरीचा पहिला दाणा उडतो तसा. मग दुसरा.

"दम धर!" ती ओरडली. दिवसातून शंभरदा जे तोंडात असतं तेच तोंडात आलं. पण कान बंद असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. 'दम' तेवढं नीट सुटलं आणि 'धर' इंजिनानं गिळून टाकलं. आणि महिनाभर त्या कारखान्यात 'दम' म्हणजे एकच गोष्ट होती. देवेशनं पाय पार खाली दाबला.

तडतड. सगळी मोहरी एकदम. कढईबाहेर. यामिनीला ओरडायला पुन्हा श्वास घ्यायला हवा होता आणि तेवढा वेळ नव्हता, हे तिला तिच्या सगळ्या जागलेल्या रात्रींनी सांगितलं. तिनं डावा तळहात पुढे केला आणि देवेशच्या छातीवर सपाट ठेवला, दाबून, वरदच्या छातीवर ठेवते तसा. त्याचा पाय आपोआप उचलला गेला. धार खाली बसली. गाडी सरकत सरकत कडेला उभी राहिली, किल्ली फिरली, आणि तिनं नळ्या काढल्या तेव्हा खाचरातल्या एका बेडकाचा आवाज केवढा मोठा!

"दम म्हणालीस ना तू!"

"दम धर म्हटलं मी!"

"धर कुठे ऐकू आलं?"

"हम तो समझे भाभीजी को जोश चढ़ गया," मागून रामनाथ म्हणाला, लॅपटॉप छातीशी कवटाळून.

कुणी हसलं नाही. देवेश स्टिअरिंगकडे बघत होता. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो पुसत नव्हता. "चालू कर," यामिनी म्हणाली. "नको," तो म्हणाला. ती त्याला ओळखत होती. इस्पितळाच्या पार्किंगमध्येही तो असाच उभा होता, वर येऊन ऐकायला नको म्हणून. "देवेश. चालू कर. मला ऐकू दे." त्यानं किल्ली फिरवली. तिनं डोळे मिटले. एक लाट, दुसरी लाट. मोडलेलं टोक असतं तर एक श्वास लंगडला असता, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा. तिनं मुद्दाम जास्त वेळ घेतला, कारण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि बातमी आपल्या तोंडून यायची असण्याचं सुख तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं. "स्वच्छ," ती म्हणाली.

मग हसले. तिघंही, वेड्यासारखे. हसता हसताच तिचं लक्ष मोबाइलकडे गेलं. घरचा फोन येऊन गेला होता. हसू तोंडातच वाळलं. नंबर लावेपर्यंत तिच्या बोटांनी दोनदा चूक केली.

"आई! काय झालं? वरद..."

"काय व्हयाचा हाय? चांगला पेज पिऊन झोपला," पलीकडून सीताबाई ओरडल्या, नेहमीच्या आवाजात. "मी म्हटला इचारावा, गारी उरली का न्हाय?"

"अजून नाही, आई," यामिनी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ते आनंदाचं आहे की कशाचं, हे बघत बसायला तिला मुळीच वेळ नव्हता. "आता उडेल."

देवेश लॅपटॉपवर वाकला होता. "स्पार्क लवकर पडतोय. हवा भरलेली असताना त्याला मागे घ्यायला पाहिजे."

"म्हणजे ठिणगीला दम धरायला लावायचं."

त्यानं वर बघितलं. "हां," तो म्हणाला, "तेच." आणि आकडे बदलताना कितीतरी वेळ स्वतःशीच मान हलवत राहिला.

दुसऱ्या वेळी ती नळ्या घालताना घाबरली नाही; घाबरायचं राहून गेलं. धार सुरू झाली, दोन लाटा सुरू झाल्या, आणि मग शंख. चढता. ती तळाशी कान लावून बसली, दाण्याची वाट बघत, जशी ती प्रत्येक शांततेत कशाची तरी वाट बघायची. दाणा उडाला नाही. सूर आणखी वर गेला. नाही. रस्त्याच्या दोन्ही कडा वितळल्या, गोदामांचे निळे पत्रे एक झाले, आणि त्या स्वच्छ, भरभरून आत येणाऱ्या हवेच्या मध्यभागी बसून तिला एकाएकी जाणवलं की मघापासून वरद तिच्या मनात आलाच नव्हता. ती दचकली. मग त्या दचकण्याच्या मागोमाग नेहमीचं यायचं ते आलं नाही. पदराखाली, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत, तो श्वास घेतच असणार. ती ऐकत नसतानाही. आजवर प्रत्येक रात्री, तिचा डोळा लागला तेव्हाही, त्यानं तो घेतलाच होता की. रस्त्याचं टोक अजून लांब होतं. देवेश पाय अर्ध्यावर धरून तिच्याकडे बघत होता, आज्ञेत राहिलेल्या मुलासारखा.

"दम!" ती ओरडली.

त्यानं घाबरून पाय उचलला. शंख खाली बसला, गाडीनं नाक टेकवलं, रामनाथ मागून पुढच्या सीटवर आदळला. देवेशचे ओठ हलत होते. तिनं एका कानातली नळी ओढून काढली, आणि वारा, पेट्रोल, त्याचा घाबरा आवाज सगळं एकदम आत आलं.

"काय? धरू का देऊ?"

"दे," यामिनी म्हणाली. "दे रे, दे!"